बाबा, उपास सोडा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, जीबीएसमधून (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्थाच नसांवर उलटते तो आजार) सावरत असताना तुम्ही एक दिवसाआड जेवण बंद केल्याचं आईकडून कळलं. 'उपासानं नसा पुन्हा वाढतात' असं कुणीतरी तुम्हाला मोबाइलवर पाठवलं म्हणे. फोनवर हा विषय काढला की तुम्ही बोलणं तोडता, म्हणून लिहितेय.

ते संशोधन खोटं नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधलं आहे, 2022 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. उंदरांना एक दिवसाआड उपाशी ठेवलं आणि मग त्यांच्या मांडीतली नस चिमट्यानं दाबून जखमी केली. उपाशी उंदरांची नस जास्त वेगानं वाढली. पुढचं मात्र त्या मेसेजमध्ये नव्हतं. फायद्याचं मूळ आतड्यात निघालं. उपासानं तिथले काही जिवाणू वाढले होते. प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून ते जिवाणू इंडोल प्रोपिऑनिक ॲसिड बनवतात, ते रक्तात उतरतं आणि नसेच्या दुरुस्तीला मदत करतं. अँटिबायोटिकनं ते जिवाणू घालवले तर उपासाचा फायदाही गेला. आणि उपास न घडवता नुसतं ते ॲसिड पाजलं, तरी नस लवकर सुधारली.

शिवाय ते उंदीर निरोगी होते आणि त्यांची नस चिमट्यानं दुखावली होती. तुमचं तसं नाही. तुम्हाला जुलाब झाले ते ज्यानं, त्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते. त्याला मारायला शरीरानं केलेली अँटिबॉडी तुमच्याच नसांवर उलटली. जानेवारी 2025 मध्ये इथे सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली, त्या वेळीही काही रुग्णांमध्ये हाच जिवाणू सापडला होता.

आई, तू स्वतःला लावून घेऊ नकोस. या जिवाणूनं जुलाब झालेल्या साधारण हजारात एखाद्यालाच जीबीएस होतो. बाबांच्या वाट्याला तो आला, यात तुझ्या स्वयंपाकघराचा काही दोष नाही. पाणी उकळून घेतेस तेवढं चालू ठेव.

आता दुरुस्तीचं. नसेवरचं मायलिनचं आवरण तेवढं गेलं असेल तर ते काही आठवड्यां-महिन्यांत पुन्हा चढतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर बघा, म्हणजे पायांची बोटं अजून का हलत नाहीत ते कळेल. एनसीव्हीच्या (नसांमधून संदेश किती वेगानं जातो ते मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये तुमचे दोन्ही प्रकार निघालेत. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, काहींना त्याहून जास्त काळ लागतो. तोवर पोटऱ्यांचं मांस टिकवायला व्यायाम आणि प्रथिनं दोन्ही लागतात. उपाशीपोटी फिजिओथेरपी केलीत तर शरीर तेच मांस मोडून खाईल. मला भीती वाटते ती याची.

पोटातल्या जिवाणूंना जपायचंच असेल तर त्यांना खाऊ घाला. शाळूची भाकरी, हरभऱ्याची उसळ, मेथी, जवसाची चटणी. यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात आंबवून जिवाणू ब्यूटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं तयार करतात. शरीरातली दाहाची आग आवरणाऱ्या पेशींना त्यानं बळ मिळतं. जर्मनीत बोखुमच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर शरीरच हल्ला करतं तो आजार) रुग्णांना यातलंच प्रोपिऑनिक ॲसिड दिलं, तेव्हा या पेशी वाढलेल्या दिसल्या. हे 2020 चं काम, आणि माणसांवरचं. तो आजार वेगळा आहे, म्हणून भाकरीला मी जीबीएसचं औषध म्हणणार नाही. पण ती सोडू नका. ट्रिप्टोफॅनसाठी दूध, शेंगदाणे, डाळ आहेच.

नसा बऱ्या करणारी म्हणून कुणी पूड आणून दिली तर घेऊ नका. आणि घसा धरला म्हणून दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणायची सवय आता सोडा, बाबा. डॉक्टरांनी लिहून दिली तर जरूर घ्या.

उपासाचं एकदा डॉक्टरांनाच विचारा. मिरजेला दाखवायला जाल तेव्हा मलाही फोनवर घ्या, मी त्यांच्याशी बोलते. ते ठरवतील ते मला मान्य. तोपर्यंत आई वाढेल ते दोन्ही वेळा जेवा. आई, वजन दर रविवारी करून मला कळवत जा.

तुमची,
मनू