एका कानाचं मांजर

प्रिय ठमे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. काय ओरडायचं ते उत्तरात ओरड. तब्येत ठीक. पाठ दुखते, ती कॉलेजपासूनच दुखते.

झालं असं, कादंबरी काही शनिवारवाड्यातून बाहेर पडेना, म्हणून प्रकाशकांनी मध्येच मुलांचं गमतीदार चित्रपुस्तक लिहायला सांगितलं. २४ पानं, पानाला दोन ओळी. म्हटलं, दुपारभराचं काम; ६०० पानं कारस्थानं रचणारी बाई मी! दोन महिने गेले गं. राजाच्या मुकुटात उंदीर शिरतो, एवढीच गोष्ट, आणि मी पहिल्याच पानावर उंदराचा अंतस्थ हेतू उलगडत बसलेली.

परवा भाचीला वाचून दाखवलं. दुसरी ओळ संपायच्या आत तिनं पान उलटलं. "थांब ना," म्हटलं तर म्हणते, "चित्रात दिसतंय की." तुझंच वाक्य, त्या भांडणातलं!

मग कंटाळून ती माझ्या जुन्या कागदांत घुसली आणि खिदळायलाच लागली. हातात नारायणरावाच्या खुनाचं प्रकरण. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणपतीचे दिवस, गारदी वाड्यात शिरलेत, १८ वर्षांचा पोरगा "काका, मला वाचवा" म्हणत पळतोय, आणि समासात तुझं मांजर, निवांत पंजा चाटतंय. तुझ्यासमोर खोडरबरानं घासलं होतं मी ते. एक कान गेला, बाकी मांजर ढिम्म. रामशास्त्र्यांनी राघोबाला देहांत प्रायश्चित्त सांगितलं. मी तुझ्याशी सहा महिने अबोला धरला.

भाची विचारते, "यानं सगळं बघितलं? मग कुणाला सांगितलं का नाही?"

'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं, आनंदीबाईनं की आणखी कुणी, यावर मी वाचकाला चाळीस पानं झुलवलंय. ठाऊक असलेलं दडवायचं, हाच माझा धंदा. इथे सगळं उलटं. पाच वर्षांच्या पोरीला सारं कळायला हवं, राजालाच पत्ता नको. मी लिहायचं 'राजा एकटाच होता' आणि मुकुटातून शेपूट लोंबायला हवी. शब्दांनी थाप मारायची, चित्रानं चहाडी करायची. तू हे सांगत होतीस तेव्हा मला वाटलं, चित्रांना जास्त जागा मागतेयस. (मागत होतीसच म्हणा.)

त्याच रात्री उंदराला हाकललं आणि मांजर घेतलं, एका कानाचं. दरबारातलं सगळं बघतं, बोलत काही नाही. अख्ख्या पुस्तकात शब्द ९०! प्रकाशक खूश. त्यांनी विचारलं, "हे मांजर कुठून आणलंत?" आणि मी, ठमे, म्हणाले, "सुचलं."

सुचलं कसलं, चोरलं. आनंदीबाईला नावं ठेवायला मी मोकळी, आणि एका शब्दात तुझं नाव खाऊन बसले. चार रात्री झोप नाही. उद्या त्यांना फोन करून खरं सांगतेय, पण त्याआधी तुला कळायला हवं होतं. चिडलीस तर चीड. चित्रं मात्र तूच काढ, नाहीतर पुस्तक परत घेते.

नव्या घराचं कळलं, छान झालं. आईंचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? धाकट्याच्या परीक्षेचं सविस्तर लिही.

आणि हो, दुसरा कान काढू नकोस. भाचीनं बजावलंय.

तुझीच,
भांडखोर