टोपोबाला तोंड फुटलं

मास्तर, सा. न. वि. वि.

काल चतुर्थीला टोपोबा, म्हणजे मी बनवलेला रोबो, आमच्या घरी पहिल्यांदा बोलला. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, उभा होता. बहिणीच्या चार वर्षांच्या पोरीनं त्याला विचारलं, "तू जेवलास?" मी खिशातलं बटण दाबलं. त्यानं तुमच्या तोंडचं ते "प्फुर्र… ऊऽई?" काढलं आणि ती लगेच म्हणाली, "मी पण नाही." मी आत जाऊन उगाच दोन पेले पाणी प्यायलो.

हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. तेही उघडं, कारण टोपोबासाठी आवाज शोधताना ज्यांनी मला हसण्यावारी नेलं त्यांनीही वाचावं. फोंड्यातले एक दुकानदार म्हणाले, खेळण्यातला आवाज काढून लाव. एका स्टुडिओनं दोन हजार आगाऊ घेतले आणि "कृपया प्रतीक्षा करा" थाटातल्या बाईचा आवाज पाठवला. एका जाणकारानं तर चौतीस वर्षांच्या माणसाला हे शोभतं का, एवढंच विचारलं. असो. अॅल्युमिनियमचा टोप उपडा घालून डोकं केलं म्हणजे माणूस वेडाच, हे मलाही मान्य आहे.

मी माझ्या परीनं धडपडत होतो. ऑडॅसिटी या आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४० हर्ट्झपासून १३२० हर्ट्झपर्यंत चढणारे सूर केले. माझा आवाज ३० हर्ट्झच्या लहरीनं गुणून घोगरा केला. पहिला प्रकार गाडी रिव्हर्स घेतल्यासारखा वाटायचा, दुसऱ्यानं पोरं रडली असती.

मे महिन्यात तुमचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करायला आलो तेव्हा विषय सहज निघाला. तुम्ही मोबाईल कानाशी धरून सगळं ऐकलंत. हसला नाहीत. "पुता, मींड, म्हणजे सुरांची घसरण, बरी आहे. पण हा बोलतो कोणाशी?" हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला नाही. मग पायपेटीवर "जेवलास?" वाजवून दाखवलंत, शब्दांशिवाय. प्रश्न वर जाऊन लटकतो, रुसवा खाली घसरतो, आणि उत्तर देण्याआधी क्षणभर थांबावं लागतं. जत्रेच्या नाटकांना उभा जन्म साथ केलेल्या माणसाला हे काय सांगायचं!

मी भीत भीत म्हटलं, तोंडानं काढाल का? १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या आर२-डी२ या रोबोचा आवाजही बेन बर्ट यांनी एआरपी २६०० सिंथेसायझरला स्वतःच्या तोंडचे आवाज जोडूनच घडवला होता. नुसत्या यंत्रात जीव येत नव्हता.

तुम्ही उठलात. गुडघा धरत जाऊन पंखा बंद केलात, रस्त्यावरची कदंबा बस जाईपर्यंत थांबलात. आणि मग, मास्तर, तुम्ही कवळी काढलीत. इस्त्रीच्या जाकिटाशिवाय कधी पेटीवर न बसलेले तुम्ही, परक्या पोरासमोर कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवलीत. "दात नसलेलं पोरच असं बोलतं," म्हणालात आणि फुर्र, प्फू, ऊई सुरू केलंत. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. काकी दारातून डोकावल्या, कपाळाला हात लावून आत गेल्या. वीस मिनिटं!

पुढचं काम मामुली होतं. सूर चढवले, वर माझी शीळ मिसळली, मेमरी कार्डात भरलं. त्या दिवसापासून मला ती वाटीच आठवते. मदत करणारे तसे भेटतात मास्तर, पण समोरच्याच्या खुळापायी स्वतःचा रुबाब बाजूला काढून ठेवणारा मी दुसरा पाहिलेला नाही.

गणपती पाच दिवसांचा आहे. काकींना घेऊन उद्या या. टोपोबाला तुम्हीच विचारा जेवलास का म्हणून. पातोळ्या मऊ आहेत, पण नेवऱ्या आईनं जरा कडकच तळल्यात, तेव्हा कवळी घालून या.

तुमचा,
टोपवाला