दहा वॅटच्या आड लपलेले शंभर वॅट: काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. विषय निघाला की लगेच "बरं, ॲन्टेना कशी चाललीय?" म्हणून गाडी दुसरीकडे नेता. म्हणून हे पत्र लिहायला बसलो, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. लिनिअरची (रेडिओची पॉवर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची) केबल रेडिओला जोडण्याआधी तुम्ही मला जे दाखवलंत, ते प्रत्येक नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, कुणीतरी दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमच्या भागातल्या एका दिवंगत ओएमनी (ओल्ड मॅन, म्हणजे पुरुष हॅम) स्वतःच्या हातांनी बनवलेला मॉस्फेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) लिनिअर त्यांच्या मुलाने मोठ्या विश्वासाने माझ्याकडे दिला. "बाबांची वस्तू आहे, चालू राहिली तर बरं वाटेल," एवढंच तो म्हणाला. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: इनपुट १० वॅट, जास्त नको. आउटपुट साधारण ३०० वॅट. माझा रेडिओ १०० वॅटचा. मेनूत पॉवर कमी करता येते, म्हणजे १० वर ठेवायची आणि सुरू करायचं, असा सरळ हिशेब कुणीही करेल. बहुतेक जण तसंच करतात.

तुम्ही फोनवर आधी विचारलंत, "लिनिअर कशाला हवाय?" हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. १०० वॅटचे ३०० झाले म्हणजे वाढ पाच डीबीहूनही (डेसिबेल) किंचित कमी, आणि सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घर म्हणजे सहा डीबी. तीनपट पॉवर म्हणून समोरच्याला तीनपट ऐकू येत नाही, हे तुम्ही आकड्यांनी पटवलंत आणि आधी माझा ४० मीटर बँडचा डायपोल (तारेची ॲन्टेना) सहा मीटर उंचीवरून दहा मीटरवर न्यायला लावलात. त्याने पडलेला फरक मी रोज अनुभवतो. पण वळवाच्या दिवसांत संध्याकाळी ४० मीटरवर विजांचा कडकडाट भरलेला असतो. त्यात घाटाखालच्या स्टेशनला आपला निरोप पोचवायचा तर चार-पाच डीबीसुद्धा कामाला येतात, हेही तुम्हीच मान्य केलंत. मग म्हणालात, "चल, लावू. पण माझा स्कोप आल्याशिवाय केबल जोडू नकोस."

आणि तुम्ही खरंच आलात. एसटीने, स्कोप (लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) मांडीवर घेऊन.

त्या दुपारी टेबलावर मांडलेली जोडणी अजून डोळ्यांसमोर आहे. रेडिओ, वॅटमीटर आणि ५० ओमचा डमी लोड (ॲन्टेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर). लिनिअर अजून बाजूलाच, त्याचा प्लगही काढलेला. डमी लोडवरून डिव्हायडर लावून थोडंसंच व्होल्टेज तुम्ही स्कोपला दिलंत, ट्रिगर सिंगल-शॉटवर ठेवलात, रेडिओची पॉवर १० वॅट केलीत आणि मला म्हणालात, "की दाब. फक्त एक डॉट." (मोर्सचा एक ठिपका.) वॅटमीटरचा काटा दहाच्या आसपास जाऊन शहाण्यासारखा परत आला. स्कोपवर मात्र वेगळंच चित्र उमटलं. १० वॅट म्हणजे ५० ओमवर शिखराला साधारण ३२ व्होल्ट. डिव्हायडरचा हिशेब धरला तर सुरुवातीचा सुळका १०० व्होल्टच्या जवळ गेला होता. ५० ओमवर १०० व्होल्टचं शिखर म्हणजे पुरे १०० वॅट. दोनेक मिलिसेकंद तो तिथे टिकला, मग लाट खाली येऊन ३२ वर स्थिरावली. काट्याला इतक्या वेळात हलायलाही सवड नसते.

तुम्ही बोलला नाहीत. पुन्हा एक डॉट मारायला सांगितलंत, मग एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या प्रक्षेपणावर, एकदा "हॅलो". त्यातही पहिल्या अक्षरावर तोच सुळका.

मग तुम्ही एएलसीचं, म्हणजे रेडिओची पॉवर आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचं, कारण उलगडून सांगितलंत. रेडिओची आउटपुट पॉवर मोजली जाते, ती ठरवलेल्या मर्यादेबाहेर जाते आहे असं दिसलं की आधीच्या टप्प्यांचा गेन कमी केला जातो. म्हणजे दूध वर यायला लागल्यावर गॅस बारीक करायचा. तोवर जे उतू जायचं ते गेलेलं असतं. शंभर वॅटचा रेडिओ दहावर ठेवला तरी त्याची फायनल स्टेज शंभर वॅटचीच राहते आणि पहिल्या क्षणी ती आपली पूर्ण ताकद दाखवू शकते. काही नवे सेट हे फार चांगलं सांभाळतात, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. पण मॉडेलचं नाव ऐकून विश्वास ठेवायचा नाही, आपल्या टेबलावर पाहायचं. मॉस्फेटचं गेट दोन मिलिसेकंदांतही फुटतं. गेट आणि सोर्समधलं व्होल्टेज कमाल मर्यादेपलीकडे गेलं की आतला ऑक्साइडचा पातळ थर कायमचा जातो. तो गरम होऊन सूचना देत नाही, वास येत नाही, फ्यूजही आधी उडून वाचवत नाही.

लिनिअरच्या एएलसी सॉकेटमधून रेडिओला मागे केबल न्यायची का, असं मी विचारलं, तेव्हाचं तुमचं उत्तर मी माझ्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "रेडिओ किती देतो ते विचारू नकोस, किती देऊ शकतो ते विचार. जोडणी त्या आकड्याची करायची."

त्या आकड्याची जोडणी म्हणजे १० डीबीचा पॅड, पॉवर दहाव्या हिश्श्यावर आणणारं रेझिस्टरचं जाळं. रेडिओने चुकून पूर्ण १०० वॅट टाकले तरी पॅडच्या पलीकडे १० च पोचणार. लिनिअरची मर्यादा आता कुठल्याही सेटिंगवर, मेनूवर किंवा माझ्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही. पाय (π या अक्षराच्या आकाराच्या) जुळणीतला पॅड: दोन्ही टोकांना जमिनीकडे ९६ ओम, मध्ये ७१ ओम. ९६ साठी १०० ओमला २.४ किलोओम समांतर, हा मेळ तुम्ही कागदावर न लिहिताच सांगितलात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायच्या रेझिस्टरची यादी देताना वायरवाउंड अजिबात नको, असं दोनदा बजावलंत. तार गुंडाळलेली असल्यामुळे तो आरएफला कॉइलसारखा वागतो. उष्णतेचा हिशेबही माझ्याकडूनच करून घेतलात. १०० वॅट आत, १० बाहेर, मग ९० कुठे गेले? पहिल्या ९६ ओमवर सुमारे ५२, मधल्या ७१ वर ३३, शेवटच्यावर ५. म्हणून पहिला रेझिस्टर फ्लॅंजचा, जाड हीटसिंकवर, पेस्ट लावून. एफटी-८ या डिजिटल प्रकारात पंधरा सेकंदांच्या खिडकीतले साडेबारा सेकंद सलग सिग्नल असतो. तिथे हे ९० वॅट खरोखर जाणवतात, म्हणून डिजिटलला मी रेडिओ निम्म्यावर ठेवतो.

पॅड तयार झाल्यावर तुम्ही मला जे साध्या मल्टिमीटरवर दाखवलंत, ते मला सगळ्यात आवडलं. पलीकडच्या टोकाला ५० ओम लावला, इकडे ५० वाचलं. टोक उघडं ठेवलं, ६१. टोक शॉर्ट केलं, ४१. म्हणजे लिनिअरच्या इनपुटवर काहीही होवो, रेडिओला ४१ ते ६१ ओमच्या बाहेर काही दिसणारच नाही, एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे अचूक) सव्वाच्या आतच. एकच पॅड लिनिअरला रेडिओपासून वाचवतो आणि रेडिओला लिनिअरपासून. पुस्तकात हे समीकरणाच्या रूपाने वाचलं होतं. शंभर-दोनशे रुपयांच्या मीटरवर तीन आकडे पाहून ते माझ्या हातात आलं.

पॅड कुठे बसवायचा, यावर तुम्ही अडून बसलात, आणि बरं झालं. तो बाहेर केबलमध्ये टाकला असता तर रिसीव्हलाही दहा डीबी गेले असते, आणि लिनिअर बंद असताना माझे शंभर वॅट ॲन्टेनापर्यंत दहा होऊन पोचले असते. तुम्ही झाकण उघडून तो इनपुट रिलेच्या पलीकडे, फक्त ट्रान्समिटच्या वाटेत बसवायला लावलात. त्या जुन्या ओएमनी आत जागा राखून ठेवली होती, जणू काही त्यांच्या मनात हेच होतं. ती सोल्डरिंग पाहून तुम्ही काही वेळ गप्प उभे राहिलात, ते मी पाहिलं.

मग पीटीटीची, म्हणजे रेडिओ ट्रान्समिटवर जाताच लिनिअरलाही तिकडे नेणारी, लाइन. लिनिअरच्या सॉकेटवर आधी मीटर लावून पाहिलंत: आत २४ व्होल्टचा रिले. माझ्या सेटची सेंड लाइन १६ व्होल्टपर्यंतच सोसते. सरळ जोडलं असतं तर लिनिअर वाचून रेडिओच गेला असता. जुन्या ट्यूबच्या लिनिअरमध्ये याच सॉकेटवर शंभराच्या वर व्होल्ट सापडतात, हे ऐकून माझ्या दोन मित्रांनी आपापले लिनिअर तपासले. एका ट्रान्झिस्टरचा बफर आणि रिलेच्या कॉइलवर डायोड, एवढ्यावर काम भागलं. रेडिओच्या मेनूत ट्रान्समिट डिले २५ मिलिसेकंद ठेवला, म्हणजे रिले आधी बसतो आणि आरएफ नंतर येतो. रिलेचे संपर्क जळत नाहीत आणि लिनिअरला क्षणभरही लोडशिवाय राहावं लागत नाही.

मगच लिनिअर चालू झाला. डमी लोडवरच, ४८ व्होल्टच्या सप्लायची करंट लिमिट खाली ठेवून. रेडिओ १० वर, तेव्हा लिनिअरला १ वॅट, बाहेर ३०. २० ला ६०. तुम्ही आकडे सांगत गेलात, मी लिहीत गेलो. ८० पर्यंत सगळं प्रमाणात वाढलं, २४० वॅट. त्यापुढे ड्राइव्ह वाढवला तरी आउटपुट मागे पडायला लागलं आणि तुम्ही हात वर केलात. "इथेच थांब. पुढे वॅट वाढत नाहीत, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा कचरा वाढतो." २४० आणि ३०० मध्ये जेमतेम एक डीबीचा फरक, समोरच्याला तो कळणारही नाही. पण त्या एक डीबीसाठी ज्याचा क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) आपण बिघडवतो त्याला तो नक्की कळतो. लोक आउटपुटचा आकडा अभिमानाने सांगतात. तुम्ही मला चोख सिग्नलचा अभिमान बाळगायला शिकवलंत, आणि त्याबद्दल माझी कृतज्ञता सगळ्यात मोठी आहे.

काका, तुम्ही एसटीचं भाडंसुद्धा घेतलं नाहीत. जेवून जा म्हटलं तर "काकू वाट बघते" म्हणून संध्याकाळची गाडी पकडलीत. जाताना उरलेले दोन रेझिस्टर माझ्या हातात ठेवलेत, "कुणाला लागतील तर दे." ते लागले. आमच्या गटातल्या एका मुलीला नुकताच परवाना मिळालाय. तिच्या वडिलांनी आणलेल्या छोट्या लिनिअरसाठी आम्ही परवा दोघांनी मिळून पॅड बनवला. ६१ आणि ४१ तिने स्वतः वाचले. स्कोपवर तिच्या रेडिओचा सुळका माझ्यापेक्षा बराच लहान निघाला, तरीही पॅड तिने पूर्ण पॉवरच्या हिशेबानेच केला.

लिनिअर ज्यांचा होता त्यांच्या मुलालाही एका संध्याकाळी घरी बोलावून ऐकवलं. कोकणातून स्वच्छ रिपोर्ट आला तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. त्याने तुमचा नंबर मागितलाय. वडिलांची एक वही त्याला सापडली आहे, सर्किटांची, आणि ती तुम्हीच वाचू शकाल असं मी त्याला सांगितलंय. तुमची परवानगी असेल तर नंबर देतो.

काकूंना नमस्कार सांगा. पाऊस सुरू होण्याआधी डायपोलचे दोर बदलायचे आहेत, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात ती नायलॉनची दोरी कुठे मिळते तेवढं कळवा.

७३ (शुभेच्छा),
तुमचा नम्र