‘तुमच्यासारखे’ म्हणजे नेमके कोण?

महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत डिजिटल माध्यमांच्या अभ्यासक वेंडी चुन यांच्यावर अर्धं पान दिलंत, याचा आनंद झाला. तो मथळा वाचेपर्यंतच टिकला. ‘समानशीले व्यसनेषु सख्यम् : इंटरनेटचा निसर्गनियम’! अहो, हा निसर्गनियम नाही, हे बाई कानीकपाळी ओरडून सांगताहेत आणि तुम्ही तेच त्यांच्या फोटोच्या डोक्यावर छापलंत.

‘होमोफिली’, म्हणजे आपल्यासारख्यांशीच मैत्री, हा शब्द १९५४ साली लाझार्सफेल्ड आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या दोन गृहवसाहतींच्या अभ्यासातून काढला. त्याच निबंधात ‘हेटरोफिली’ही होती, म्हणजे वेगळ्या माणसांशी मैत्री. शिवाय वंशाबद्दलच्या मतांचा हिशेब मांडताना उत्तरं फक्त गोऱ्या रहिवाशांची धरली होती. पुढच्यांनी सोयीचं तेवढं उचललं आणि त्यावर ‘तुमच्यासारख्यांना हे आवडलं, तुम्हालाही आवडेल’ असं सांगणारी शिफारशींची यंत्रं उभी केली. चुन यांनी ‘डिस्क्रिमिनेटिंग डेटा’त (२०२१) हे सगळं उकरून काढलंय. लेखकमहाशयांनी पुस्तकाचं नाव दिलंय. उघडल्याचं मात्र दिसत नाही. ‘साहित्याच्या प्राध्यापक’ म्हणून बोळवण करताना त्या आधी सिस्टिम्स डिझाइनच्या इंजिनिअर झाल्या, हेही गळलं.

मी एवढा का चिडलोय? गेल्या वर्षी एका संस्थेकडे कर्जाचा अर्ज केला होता. आजवर एक हप्ता चुकवलेला नाही. उत्तर आलं : ‘तुमच्यासारख्या अर्जदारांचा पूर्वानुभव लक्षात घेता...’ मी हप्त्यांच्या पावत्यांची फाइल घेऊन शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने बिचारीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. लाल वर्तुळ, त्यात एक आकडा. बाकी काही नाही. “सिस्टिम नाही म्हणतेय, काका.” मी विचारलं, माझ्यासारखे म्हणजे कोण? कुणाचे हप्ते थकले, ते तरी कळू दे! तिलाही दिसत नव्हतं. फाइल तिने उघडलीसुद्धा नाही, कारण त्यातलं काही भरायला तिच्या स्क्रीनवर रकानाच नव्हता.

इंग्रजीतला ‘यू’ एकवचनीही असतो आणि अनेकवचनीही, यावर चुन यांनी ‘अपडेटिंग टू रिमेन द सेम’मध्ये (२०१६) बरंच लिहिलंय. यंत्र तुमच्याशी एकट्याशी बोलल्यासारखं करतं आणि मोजतं मात्र घोळक्यात. मराठीत तर आणखी गंमत. त्या पत्रातलं ‘तुम्ही’ मी इतके दिवस आदरार्थी समजत होतो!

तुमच्या लेखात यातलं अक्षर नाही. त्याऐवजी ‘नव्या युगाच्या द्रष्ट्या’ हे तीनदा आहे, मी मोजलं.

जाता जाता. हा लेख मी छापील अंकात वाचला, कारण तुमचं अ‍ॅप लोकेशनची परवानगी दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. शब्दकोडं सोडवायला मी कुठे बसलोय, याच्याशी आपल्याला काय करायचंय?

आपला,
एक जुना वर्गणीदार