चाळ

प्रिय सोनू,

काल फोनवर तू विचारलंस, "कॉलेजात कोकणचा नाच बसवायचाय, सगळी कोळीनृत्यच म्हणतायत. बाबा, आपला नाच कुठला?" मी एसटीत होतो, धड बोलता आलं नाही.

कोळीनृत्य देखणंच, पण ते दर्यावरच्या माणसांचं. आपण संगमेश्वराकडचे, डोंगरउतारावर भात-नाचणी लावणारे. आपली जाखडी. मधे गाणारा बुवा आणि ढोलकीवाला, भोवती रिंगण, पायात घुंगरांची चाळ. आधी गण, मग गौळण, आणि रात्र चढली की शक्तीवाले-तुरेवाल्यांचे सवाल-जवाब. शक्तीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. उजाडेपर्यंत कोणी माघार घेत नाही. मला तर त्या वाकलेल्या गुडघ्यांत चिखलात भाताची लावणी करणारी माणसंच दिसतात.

याच नाचाला बाल्या नाच म्हणतात. मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकणी माणसांच्या कानात बाळी असायची, म्हणून त्यांना बाल्या म्हणत. मी परळच्या शाळेत होतो तेव्हा पोरं मला तशीच हाक मारायची. एकदा मी रडत सांगितलं, "मी कोकणातला नाहीच."

ते १९८२ साल. गिरण्यांचा संप चालू, घरात पगार नाही. तरी तुझ्या आजोबांनी उसने पैसे काढून आम्हाला गौरी-गणपतीला गावी आणलं. गौरीच्या रात्री खळ्यात त्यांनी माझ्यापुढे चाळ धरली. मी नको म्हटलं. ते काही बोलले नाहीत. फडक्यात गुंडाळून परत पेटीत ठेवली आणि दुसरी बांधून स्वतः रिंगणात शिरले. त्या फडक्याची गाठ मला अजून दिसते.

माझ्या लहानपणी बायका फुगड्या घालत, जाखडी पुरुषांचीच. आता मुलींचेही नाच उभे राहतात, याचा मला फार आनंद आहे. कार्यक्रमात नाव विचारतील, तेव्हा 'बाल्या नाच' असंच लिही, आणि बाल्या कोण ते कोणी विचारलं तर आजोबांचं सांग.

पेटीतली ती चाळ मी काढली आहे. दोरी कुजली होती, घुंगरं नव्या दोरीत ओवून घेतली. दोन कमी पडतात, ती बाजारातून आणतो. शनिवारी ये. पहिलं पाऊल कसं टाकायचं ते खळ्यातच दाखवतो.

तुझा,
बाबा