चढणीच्या माशांना कोण वाली?

महाशय,

पुतण्या मला जूनमध्ये अमेरिकेत, मोंटानातल्या यलोस्टोन नदीवर ट्राउट मासे गरवायला बोलावतोय. मी म्हटलं, तेव्हा बर्फ वितळून पाणी गढूळ, तुझी गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी माशाला दिसणार कशी? ऑगस्ट धर. तर म्हणे, तेव्हा पाणी तापतं. सलग तीन दिवस साधारण २३ अंशांवर गेलं, की माशांना आणखी त्रास नको म्हणून दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ बंद ठेवायला लावतात!

आमच्याकडे पहिल्या पावसात अंडी घालायला वहाळात (ओढ्यात) मासे चढले, की बॅटऱ्या नि कोयते घेऊन अख्खी वाडी उतरते. पोटात गाबोळी तशीच. (चव लागते, नाही कशाला म्हणू?) समुद्रात यांत्रिक होड्यांना जून-जुलै बंदी असते. ग्रामपंचायतींनी वहाळातही निदान पहिले आठ दिवस कोयता बंद करावा.

— एक जुना गरवणारा, गुहागर