"हा कोणत्या पक्षाचा?"

संपादक महाशय,

येत्या ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. गेल्या वर्षी त्याच सुमारास एका सरकारी कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभी होते. खिडकीतून पावतीबरोबर ध्वजनिधीचा, छोट्या झेंड्याचा स्टिकर मिळत होता. माझ्या पुढच्या गृहस्थांनी तो पायरीवरच चुरगळून टाकला. मी माझा खांद्यावर पदराला लावला, तर मागची कॉलेजातली मुलगी विचारते, "आजी, हा कोणत्या पक्षाचा?"

तिला काय बोल लावणार? त्यावरचा तांबडा रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा, एवढेही तिला कुणी सांगितलेले नव्हते. १९४९ पासून हा दिवस आहे. निधी शहिदांच्या घरच्यांसाठी, जायबंदी जवानांसाठी, माजी सैनिकांसाठी जातो. आपल्याकडे मात्र तो 'उद्दिष्ट' म्हणून गोळा होतो, आणि आकडा भरला की झेंडा कचऱ्यात गेला तरी कुणाला काही वाटत नाही.

माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता. १९७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर कामी आला. मी तेव्हा सातवीत. आधी तार आली आणि बऱ्याच दिवसांनी त्याची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. तो स्वतः आलाच नाही. आई दर ध्वजदिनाला कागदी झेंडा त्या ट्रंकेच्या कडीला टाचणीने लावायची.

पुढे शिक्षिका झाले, तेव्हा वर्गात ध्वजनिधीचा डबा फिरवणे माझ्याकडे असे. एकदा एक मुलगा रुपया नाही म्हणून पाठीमागे लपून बसला. तेव्हापासून मी आधी सगळ्यांच्या खिशाला झेंडा लावायचे, मग डबा बाकावर ठेवायचे. ज्याला जमेल त्याने टाकावे. सक्तीने लावलेला झेंडा मला नको आहे.

भाचा इंग्लंडात असतो. तिथे नोव्हेंबरात युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी लोक कोटाला लाल पॉपीचे फूल लावतात, १९२१ पासूनची रीत. न लावणाऱ्यावर तुटून पडणारे तिथेही आहेत, पण ती फुले वाटणारी, माजी सैनिकांसाठी काम करणारी संस्था रॉयल ब्रिटिश लिजन स्वतःच सांगते, लावायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला हे पटते. पण ठरवायला आधी ते काय आहे हे ठाऊक तर हवे!

आपल्या सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगेसारखे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. एवढ्या लांब जायलाही नको, आसपासच्या कितीतरी गावांत असे एखादे घर सापडेल. म्हणून शाळांना माझी विनंती आहे: यंदा झेंडा वाटताना गावातल्या किंवा जवळच्या गावातल्या एका तरी जवानाचे नाव मुलांना सांगा, तो कुठे पडला ते सांगा, आणि मग डबा पुढे करा.

— एक निवृत्त शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)